‘स्वे’ म्हणजे डोलणे की अंमल गाजवणे?

निवडणुका जवळ आल्या की इंग्रजी वर्तमानपत्रांतून एक छोटासा शब्द वारंवार भेटू लागतो. तो शब्द म्हणजे ‘स्वे’ (sway). अमुक नेता अमुक तालुक्यात ‘होल्ड्स स्वे’, तमुक सभेमुळे मतदार ‘स्वेड’ झाले, सरकारच्या आश्वासनाने आंदोलक ‘स्वेड’ झाले नाहीत, अशी वाक्ये बातमीगणिक येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी मुलामुलींना घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात इंग्रजी अशी तीन भाषांची कसरत रोजचीच आहे, आणि त्यातला हा शब्द त्यांना हमखास अडवतो. शब्दकोश उघडला की पहिला अर्थ मिळतो तो डोलणे, झुलणे, हेलकावे खाणे असा. तो अर्थ वाक्यात बसवून पाहिला, तर ज्या नेत्याची तालुक्यावर घट्ट पकड आहे तोच हेलकावे खातो आहे असे विचित्र वाक्य तयार होते, आणि मोबाइलवरची आपोआप होणारी भाषांतरेही काही वेळा असेच काहीतरी वाचकाच्या हाती ठेवतात.

सीमाभागात ही अडचण परीक्षेतल्या गुणांपुरती राहत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला, आणि त्या न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. दिल्ली आणि बंगळुरूच्या पत्रकारांचे या भागाविषयीचे लेखनही बव्हंशी इंग्रजीतच असते. आपल्याविषयी इंग्रजीत काय लिहिले जाते हे ज्याला नेमके कळायला हवे, त्याला अशा दुहेरी शब्दांची खोच माहीत असलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मुळात आहे ते वाकणे

आठव्या ते अकराव्या शतकांत स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडवर चालून आले, त्यांतले बरेच तिथेच स्थायिक झाले आणि त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतले शेकडो शब्द इंग्रजीत मुरले. ‘स्काय’, ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’ हे शाळेत पहिल्या वर्षी शिकवले जाणारे शब्द त्याच वाटेने आलेले आहेत. ‘स्वे’चे मूळही बहुधा त्याच भाषेत आहे. ‘वाकवणे’ या अर्थाच्या एका नॉर्स क्रियापदाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाचे जे सर्वांत जुने उपयोग सापडतात, त्यांत जाणे, खाली कलणे, पडणे असे अर्थ आहेत; एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे संथपणे झुलणे हा आज पहिला वाटणारा अर्थ त्यानंतर रूढ झाला.

सत्तेचा अर्थ सोळाव्या शतकात चांगलाच रुळला. तो कसा आला असावा हे समजायला शेजारच्या डच भाषेची मदत होते. त्या भाषेत ‘झ्वायेन’ हे याच कुळातले मानले जाणारे क्रियापद आहे आणि त्याचा साधा अर्थ झुलवणे, हलवणे, निरोप देताना हात हलवणे असा आहे. परंतु त्याच क्रियापदाला राजदंड हे कर्म जोडले की सत्ता चालवणे असा वाक्प्रचार होतो आणि डच लोक तो आजही घरातल्या किंवा कार्यालयातल्या सत्तेविषयी बोलताना सहज वापरतात. इंग्रजीतही पूर्वी राजदंड ‘स्वे’ करणे म्हणजे राज्य करणे असे लिहीत असत. राजाने हातातला दंड ज्या दिशेला हलवला त्या दिशेला माणसे वळायची. कालांतराने वाक्यातून राजदंड गळून पडला आणि सत्तेचा अर्थ एकट्या ‘स्वे’कडे राहिला.

म्हणजे या शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या कल्पना नाहीत. वाकणे ही एकच क्रिया आहे, आणि तिच्यात एक वाकणारा असतो तर दुसरा वाकवणारा.

ऊस कोण आणि वारा कोण

पावसाळ्याच्या शेवटी कंबरेच्या वर गेलेला उसाचा फड डोळ्यांसमोर आणावा. वारा सुटला की सगळा फड एका बाजूला कलतो, वारा ओसरला की परत येतो. इंग्रजीत या दृश्यातल्या दोघांचेही वर्णन ‘स्वे’ याच शब्दाने करता येते. ऊस डोलतो असे सांगायचे असेल तर ऊस ‘स्वेज’. वारा उसाला डोलवतो असे सांगायचे असेल तर वारा उसाला ‘स्वेज’. ऊस वाऱ्यामुळे कलला असे सांगायचे असेल तर ऊस वाऱ्याने ‘वॉज स्वेड’. आणि त्या फडावर वाऱ्याचीच सत्ता चालते असे म्हणायचे असेल तर वारा फडावर ‘होल्ड्स स्वे’.

या चार वाक्यांपैकी दोन उसाच्या बाजूने बोलतात, दोन वाऱ्याच्या. वाचताना अडखळायला झाले की वाक्यातला कर्ता ऊस आहे की वारा, एवढेच आधी पाहावे. व्याकरणाच्या भाषेत पहिले वाक्य अकर्मक आहे, म्हणजे क्रिया कर्त्यापाशीच संपते. दुसरे सकर्मक आहे, म्हणजे ती दुसऱ्या कोणावर तरी जाऊन पडते. मराठीत हा फरक आपण क्रियापदाचे रूप बदलून दाखवतो, म्हणजे डोलणे आणि डोलवणे, वळणे आणि वळवणे, झुकणे आणि झुकवणे. इंग्रजीत या शब्दाचे रूप दोन्हीकडे तेच राहते, त्यामुळे जे आपल्याला एका ‘व’मध्ये कळते ते तिथे वाक्याच्या रचनेतून शोधून काढावे लागते. मला वाटते, गोंधळाचे मुख्य कारण हेच आहे, शब्दाला दोन अर्थ असणे हे नव्हे.

हालचालीचा अर्थ: पूल, ट्रॉली, इमारत

हालचालीच्या अर्थाने हा शब्द अभियंत्यांच्या रोजच्या वापरातला आहे. गोकाक धबधब्यापाशी घटप्रभेवर तारेच्या दोरांवर तोललेला जुना झुलता पूल आहे, ज्याला तिथले कन्नड भाषक ‘तूगु सेतुवे’ म्हणतात. अशा पुलावरून माणसे चालू लागली की पायाखाली जी बाजूला सरकणारी, थोडी उशिरा परत येणारी हालचाल जाणवते, तिला इंग्रजीत नेमका ‘स्वे’ हाच शब्द आहे. धक्का बसून थरथरणे वेगळे, आणि हा संथ, लयीतला, पुन्हा पुन्हा मूळ जागेकडे येणारा झोका वेगळा.

या शब्दाच्या दोन्ही अर्थांची गाठ ज्या एका घटनेत पडलेली दिसते ती घटना लंडनमध्ये घडली. थेम्स नदीवर सेंट पॉल कॅथीड्रलसमोर फक्त पादचाऱ्यांसाठी बांधलेला मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला. पहिल्याच दिवशी लोकांची रीघ लागली आणि पूल डावी-उजवीकडे झुलू लागला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. गणित चुकून पूल कमकुवत झाला होता असे नव्हते; वर-खाली होणाऱ्या हालचालींचा विचार झाला होता, पण माणसांच्या चालण्यातून आडवे बळ किती तयार होते इकडे तोवर पुरेसे लक्ष गेलेले नव्हते. माणूस चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे टाकतो. पूल थोडासा झुलला की तोल सांभाळण्यासाठी लोक पाय जरा फाकवून, पुलाच्या हालचालीला जुळवून घेत पावले टाकू लागले, आणि त्या पावलांचे बळ पुलाचा झोका आणखी वाढवू लागले. पूल माणसांना वळवत होता आणि माणसे पुलाला. पुढे हालचाल शोषून घेणारी सुमारे ९० यंत्रे पुलाखाली बसवली गेली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत या घटनेचे वर्णन करताना ‘लॅटरल स्वे’, म्हणजे आडवा झोका, असा शब्दप्रयोग येतो.

आपल्याकडे हाच अर्थ गळीत हंगामात रस्त्यावर दिसतो. ट्रॅक्टरमागे उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या असतात. उताराला वेग वाढला, किंवा मोळ्यांचा भार ट्रॉलीच्या मागच्या बाजूला जास्त पडून हुकावर पुरेसा दाब राहिला नाही, की मागची ट्रॉली डावी-उजवीकडे सरकू लागते आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. वाहनांच्या इंग्रजी माहितीपुस्तिकांत याला ‘ट्रेलर स्वे’ म्हणतात. अशा वेळी एकदम जोरात ब्रेक मारणे धोक्याचे ठरते, कारण पुढचे वाहन मंदावते आणि मागचा भार त्याला ढकलून आडवा येतो. ही सूचना इंग्रजीत वाचणाऱ्याला ‘स्वे’चा अर्थ कळला नाही तर सूचना वाया जाते, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

उंच इमारती वाऱ्याने आणि भूकंपाने अशाच झुलतात आणि त्या झुलाव्यात अशाच बेताने बांधलेल्या असतात. तैवानमधल्या तैपेई १०१ या इमारतीच्या वरच्या मजल्यांमध्ये सुमारे ६६० टन वजनाचा पोलादी गोळा टांगलेला आहे, तो झोक्याच्या उलट दिशेने हलून इमारतीची हालचाल कमी करतो. मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आणि वळणावर गाडी एका अंगाला कलू न देणारा दांडा अमेरिकेत ‘स्वे बार’ म्हणून ओळखला जातो. माणूस अगदी स्तब्ध उभा असला तरी त्याचे शरीर सतत किंचित पुढे-मागे होत असते, त्यालाही वैद्यकशास्त्रात याच शब्दाचा आधार घेऊन नाव दिलेले आहे आणि वृद्धांचा तोल तपासताना ती हालचाल मोजतात. या सगळ्या ठिकाणी मराठीत झोका, झुलणे, डोलणे, हेलकावा, कलणे यांपैकी जो शब्द शोभेल तो वापरावा. एकच पर्याय सगळीकडे लादू नये. पीक डोलते, पूल झुलतो, होडी हेलकावे खाते आणि ट्रॉली कलते.

मन वळते तेव्हा

प्रभावाच्या अर्थाने हा शब्द येतो तेव्हा हलणारी वस्तू म्हणजे माणसाचे मन किंवा मत असते. भाषणाने सभेला ‘स्वे’ केले म्हणजे सभेचे मन वळवले. मतदार पैशाने ‘स्वेड’ झाले म्हणजे भुलले. न्यायाधीश भावनेने ‘स्वेड’ झाले म्हणजे भावनेच्या भरात वाहवत गेले. या तीन वाक्यांत इंग्रजी शब्द एक आहे, पण मराठीत तीन वेगळ्या छटांची क्रियापदे लागतात, कारण मन वळणे ही गोष्ट चांगली की वाईट हे आपण क्रियापदातच सांगून टाकतो. इंग्रजी शब्द ते सांगत नाही. वाऱ्याचे नाव पाहूनच, म्हणजे मन कशामुळे वळले हे पाहूनच, वाचकाला ते ठरवावे लागते. पुराव्याने वळलेले मन आणि पाकिटाने वळलेले मन इंग्रजीत एकाच शब्दाच्या छपराखाली राहतात.

‘परस्वेड’ हा जवळचा शब्द घेऊन पाहिले तर फरक आणखी उघड होतो. एखाद्याला ‘परस्वेड’ केले म्हणजे त्याला समजावून पटवले. त्यात युक्तिवाद आहे आणि ऐकणाऱ्याची संमती आहे. ‘स्वे’मध्ये संमती असेलच असे नाही. वाऱ्याची दिशा बदलली तर तो माणूस परतही येऊ शकतो, अशी एक शंका त्या शब्दाबरोबर येते. म्हणून निवडणुकीच्या बातम्यांत ‘परस्वेड’पेक्षा ‘स्वे’ अधिक दिसतो, कारण मतदानाच्या दिवसापर्यंत काहीच पक्के नसते.

नकारार्थी वाक्यात मात्र या शब्दाला एकदम तेज चढते. ‘वॉज नॉट स्वेड’ असे कोणाविषयी लिहिले जाते तेव्हा ती बहुतेक वेळा प्रशंसा असते. यासाठी मराठीत अतिशय नेमका शब्द आहे, तो म्हणजे बधणे. तो आमिषाला बधला नाही, ती धमक्यांना बधली नाही. बधणे हे क्रियापद आपण बहुधा नकारातच वापरतो आणि या इंग्रजी प्रयोगावर ते जसे चपखल बसते तसे ‘प्रभावित झाला नाही’ हे पुस्तकी भाषांतर कधीच बसत नाही. निश्चय ढळला नाही, पाऊल डळमळले नाही, हेही प्रसंगानुसार चालते. अमेरिकेतील वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायाधीशांसाठी केलेल्या आदर्श आचारसंहितेत न्यायाधीशाने लोकांच्या गदारोळाने किंवा टीकेच्या भीतीने ‘स्वेड’ होऊ नये असे कलम आहे. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत न्यायाधीशांना जी शपथ दिली आहे, तिच्यातही भीती, पक्षपात, ममत्व आणि आकस यांना थारा नाही. त्या शपथेत चार वेगवेगळे वारे नावानिशी सांगितले आहेत, अमेरिकी कलमात वाऱ्यापुढे न कलण्याच्या क्रियेवर भर आहे. दोन्हींचा रोख एकच.

‘होल्ड स्वे’ आणि ‘अंडर द स्वे’

आता ज्या प्रयोगाने सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो पाहू. ‘होल्ड’ म्हणजे धरणे. ‘होल्ड स्वे’ म्हणजे वाकवण्याची शक्ती हातात धरून असणे. या प्रयोगात ‘स्वे’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही, आणि कोणावर अंमल आहे हे सांगायचे असेल तर पुढे ‘ओव्हर’ येते. उलट बाजूने, म्हणजे उसाच्या बाजूने सांगायचे असेल तर ‘अंडर द स्वे ऑफ’ असा प्रयोग होतो आणि तिथे ‘द’ येते. ‘ओव्हर’ दिसले की वारा आणि ‘अंडर’ दिसले की ऊस, हे लक्षात ठेवले की परीक्षेतला प्रश्न सुटतो.

बेळगावच्या इतिहासावरील इंग्रजी लेखनात हे दोन्ही प्रयोग एकाच घराण्याविषयी आलेले दिसू शकतात. सौंदत्तीचे रट्ट हे आधी राष्ट्रकूटांचे आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. आपल्या प्रदेशातल्या गावांवर त्यांचा अंमल होता, म्हणजे ते ‘होल्ड स्वे’ करत होते. त्याच वेळी ते स्वतः सार्वभौम सत्तेच्या अंमलाखाली, म्हणजे ‘अंडर द स्वे’ होते. यात विसंगती काही नाही. मांडलिकाचे आयुष्यच तसे असते. पुढे चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाल्यावर रट्ट मोकळे झाले, त्यांनी राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामला, म्हणजे आजच्या बेळगावला आणली, आणि किल्ल्यातली कमलबसदी त्यांच्याच काळात, तेराव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. थोड्याच काळात देवगिरीच्या यादवांनी त्यांचे राज्य संपवले. त्यानंतर विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मोगल, मराठे असे कितीतरी अंमल या किल्ल्याने पाहिले आणि १८१८ साली पेशव्यांकडून तो इंग्रजांकडे गेला. इतिहासाच्या संदर्भात ‘स्वे’ला मराठीत अंमल हाच शब्द घ्यावा. तो आपल्या बखरींपासूनचा आहे आणि त्यात वसूल, न्याय, लष्कर हे सगळे येते.

आजच्या राजकारणात मात्र अंमल म्हणून चालत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळून, बेळगाव जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कायद्याने अधिकारक्षेत्र बदलले ते त्या तारखेला. परंतु एखाद्या भाषेचा बाजारपेठेतला, भजनी मंडळातला, घराघरातला ‘स्वे’ राजपत्रातल्या अधिसूचनेने त्या दिवशी सुरू होत नाही आणि संपतही नाही. म्हणून इंग्रजी लेखक कायद्याच्या सत्तेविषयी ‘ज्युरिस्डिक्शन’ किंवा ‘अथॉरिटी’ लिहितात आणि कागदावर नसलेल्या, पण प्रत्यक्षात चालणाऱ्या पकडीविषयी ‘स्वे’ लिहितात. बातमीत ‘होल्ड्स स्वे’ वाचून अमुक माणसाकडे पद आहे असे समजू नये. पद नसतानाही ‘स्वे’ असू शकतो, आणि पद असून ‘स्वे’ नसलेली माणसेही आपण पाहतो. इथे मराठीत पगडा, वर्चस्व, वजन, दबदबा, चलती यांतला शब्द निवडावा. विचारांचा पगडा असतो, पक्षाचे वर्चस्व असते, माणसाचे वजन असते. कन्नड वर्तमानपत्रांत याच जागी ‘हिडित’, म्हणजे पकड, हा शब्द पुष्कळदा येतो आणि तो इंग्रजीतल्या ‘होल्ड’ला जास्त जवळचा आहे.

काळही पाहावा. ‘हेल्ड स्वे’ असे भूतकाळी रूप आले की लेखकाला बहुधा आता तसे नाही हेही सुचवायचे असते. बेळगाव महानगरपालिकेत अनेक वर्षे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नगरसेवकांचे वर्चस्व होते. २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या. अशा बदलाचे वर्णन इंग्रजीत करताना पहिल्या वाक्यात ‘हेल्ड स्वे’ आले की दुसऱ्या वाक्यात ‘पण’ येणार हे जाणत्या वाचकाला आधीच कळते.

हे दोन वेगळे शब्द मानले तर काय बिघडले?

असा आक्षेप काही शिक्षक घेतात. विद्यार्थ्याने एक ‘स्वे’ म्हणजे डोलणे आणि दुसरा ‘स्वे’ म्हणजे सत्ता असे दोन शब्द पाठ केले की झाले, असे त्यांचे म्हणणे असते. गुण मिळवण्यापुरते ते चालेलही. परंतु मधली वाक्ये मग अनाथ होतात. सभा वक्त्याच्या शब्दांवर ‘स्वे’ झाली, या वाक्यात सभा डोलली की वळली? दोन्ही. कीर्तनात श्रोते माना डोलावतात तेव्हा शरीर हलते आणि मनही वळलेले असते. चांगला इंग्रजी लेखक नेमक्या अशाच ठिकाणी हा शब्द योजतो. शब्द दोन मानले की ही जागा वाचकाच्या हातून निसटते.

दुसरा आक्षेप असा की ‘इन्फ्लुएन्स’ हा ओळखीचा शब्द असताना ‘स्वे’ची गरज काय. ‘इन्फ्लुएन्स’ हळूहळू झिरपतो, त्याचा परिणाम दिसायला वर्षे लागू शकतात आणि तो कोणालाच दिसलाही नाही तरी चालते. ‘स्वे’ दिसतो. ज्याच्यावर तो चालतो तो कलताना दिसतो. शाहू महाराजांच्या शिक्षणविषयक धोरणांचा शेजारच्या या भागावर झालेला परिणाम ‘इन्फ्लुएन्स’ने सांगावा, मतदानाच्या आदल्या आठवड्यात एखाद्या तालुक्याने बदललेला सूर ‘स्वे’ने सांगावा.

‘स्विंग’शी होणारी गल्लत

‘स्विंग’ हाही झुलण्याचाच शब्द आहे आणि निवडणुकीच्या रात्री दूरचित्रवाणीवर तो सारखा ऐकू येतो. पण तिथे ‘स्विंग’ म्हणजे मोजलेली संख्या असते. समजा, गेल्या वेळी एका पक्षाला ४० टक्के आणि दुसऱ्याला ४५ टक्के मते होती, आणि या वेळी पहिल्याला ४३ व दुसऱ्याला ४२ टक्के मिळाली. पहिल्याची वाढ ३, दुसऱ्याची घट ३, दोन्हींची सरासरी ३. म्हणजे पहिल्याच्या बाजूने ३ टक्क्यांचा ‘स्विंग’. ‘स्वे’ असा मोजता येत नाही. ज्यांची मते दर निवडणुकीला बदलू शकतात त्यांना ‘स्विंग व्होटर्स’ म्हणतात. त्यांना आपल्याकडे वळवण्याच्या खटपटीला ‘स्वे’ म्हणतात. मराठीत ‘कल’ हा शब्द या दोन्हींच्या जवळपास आहे, म्हणून मतमोजणीच्या दिवशी आपण निकालाचे कल असे म्हणतो, पण मोजलेला फरक सांगायचा असेल तर आकडा आणि ‘स्विंग’ असे सरळ लिहिणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

उच्चाराविषयी थोडेसे. हा शब्द ‘डे’, ‘वे’ यांच्याशी यमक साधतो. ‘स्वाय’ हा उच्चार चूक आहे. भूतकाळाचे ‘स्वेड’ हे रूप ऐकायला अगदी ‘स्वेड’ (suede) या मऊ, लवदार चामड्याच्या नावासारखेच आहे, त्यामुळे इंग्रजी बातम्या ऐकताना चामड्याचा विषय कुठून आला असा प्रश्न पडला तर संदर्भाकडे वळावे.

मराठीत लिहिताना

वार्ताहर, अनुवादक आणि परीक्षार्थी यांच्यापुढे शेवटी प्रश्न येतो तो कागदावर काय उतरवायचे हा. ‘स्वे’ला एकच प्रतिशब्द ठरवून टाकण्याचा मोह टाळावा आणि वाक्यातला वारा कोणता हे पाहून शब्द घ्यावा. न्यायालयाच्या बातम्यांत याची सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. एखाद्या पक्षाच्या वकिलाचा युक्तिवाद मान्य झाला नाही आणि इंग्रजी बातमीत न्यायालय त्या युक्तिवादाने ‘नॉट स्वेड’ असे आले, तर ‘न्यायालय बधले नाही’ असे लिहिणे चूक ठरेल, कारण बधणे म्हटले की समोर दबाव, आमिष किंवा धमकी उभी राहते आणि कायदेशीर मार्गाने बाजू मांडणाऱ्या वकिलावर नसता ठपका येतो. तिथे ‘युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही’ किंवा ‘न्यायालयाने तो ग्राह्य धरला नाही’ एवढेच लिहावे. तेच न्यायालय बाहेरच्या मोर्चांनी, घोषणांनी किंवा राजकीय वक्तव्यांनी ‘नॉट स्वेड’ असे आले असेल, तर मात्र ‘बधले नाही’ हेच लिहावे.